मुठीचं माप

दिंद्रुड, १९ मे २०२५

रोहिणी,

मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी लिहितो. तू विसरलीस असं नाही. पण बाजाराच्या दिवशी सतरा माणसांसमोर तू जे बोललीस ते ऐकून कुणालाही वाटेल की तुझा बाप काल-परवा धंद्याला लागलाय.

पहिला कोयता सोळाव्या वर्षी, ट्रकच्या मोडक्या पाट्यातून. धोंडीराम लोहार जेवायला गेला होता, तेवढ्या वेळात त्याच्याच भात्यावर. त्यानंतरचे कोयते मोजले नाहीत. दुकान घातल्यापासून वर्षाला सहाशे-सातशे धर आणि सव्वीस वर्षांचे तूच काढ, गणित तुझं चांगलं आहे. बैलगाड्या अकरा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चौदा. तेरा अजून रस्त्यावर आहेत, चौदावीवर ट्रक चढला, त्यात माझा दोष नाही. लोखंडी तिफणी एकवीस. मारुतीच्या देवळाची जाळी. शाळेचं फाटक, जे एका बोटानं ढकललं तरी कुरकुर न करता उघडतं. भंगारातल्या डिझेल इंजिनावर चालणारा घण, जो बघायला गेवराईहून लोक आले होते. तुझा पाळणा, ज्याला एकही स्क्रू नाही. आणि अकरा इंच उंचीचं एक स्टूल, सहा वर्षांची असताना तुझा हात ऐरणीला पोचावा म्हणून.

यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. आपण लोहार नाही, तुझे आजोबा कोरडवाहू करत. माझी शाळा सातवीत सुटली. बघितलं आणि केलं, एवढंच माझं शिक्षण. माझ्या दुकानात मिलिमीटरची चूक चालत नाही, आणि हे तू तुझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटच्या आधीपासून जाणतेस.

आता त्या दिवसाचं. सुंदरबाई ऊसतोडीच्या हंगामावरून आलेला कोयता घेऊन दुकानात आली. मूठ झिजलेली होती. मी नवी काढली. माझ्या मुठीला वर्षाची ग्यारंटी आहे, झिजली तर फुकट बदलून देतो, जिल्ह्यात दुसरा कुणी देत असेल तर दाखव. तू मधेच म्हणालीस, "काकू, ही घेऊ नका. ही मूठ तुमच्या हाताची न्हाई. आप्पांचं माप चुकलंय."

माप चुकलंय. माझं.

त्यावर मी एक गमतीचं वाक्य बोललो. लोक हसले. एवढंच झालं. तू हातमोजे काढलेस, व्हर्निअर पिशवीत टाकलास आणि अजिनाथच्या जीपमध्ये बसून केजला निघून गेलीस. चोवीस वर्षांची शहाणी पोरगी एका वाक्यावर घर सोडते, याला काय म्हणावं?

बरं, मी काही जुन्या वळणाचा बाप नाही. वेल्डिंग शिकवलं कुणी? भावकी नको म्हणत असताना आयटीआयला फिटरला घातलं कुणी? स्थळं येत असताना "तिची तिला ठरवू द्या" म्हणून मोकळीक दिली कुणी? आठ मार्चला ग्रामपंचायतीनं तुझा सत्कार केला तेव्हा मी माईकवर म्हणालो, "ही माझी मुलगी नाही, हा माझा मुलगाच आहे." काय टाळ्या पडल्या! घरी आल्यावर तू शाल खुंटीला टांगलीस आणि म्हणालीस, "आप्पा, काम चांगलं झालं की मी मुलगा. अन् उद्या चुकलं तर? मग पोरीची जात?" मी उत्तर दिलं नाही. प्रश्न बरोबर होता म्हणून नव्हे. मी जेवत होतो.

माझा नंबर तू ब्लॉक केलास. तुझी आई म्हणाली, "पत्र पाठवा, त्याला ब्लॉक न्हाई." अजिनाथ हे घेऊन येतोय. उत्तर त्याच्याकडंच दे.

आप्पा


दिंद्रुड, ११ जून

रोहिणी,

तुझं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं असेल तर.

वहीचा एक कागद. वर काही नाही, खाली सही नाही. बासष्ट बायकांची नावं आणि प्रत्येकीपुढं एक आकडा, अंगठा आणि मधलं बोट टेकवल्यावर आत किती जाडीची मूठ मावते त्याचा वेढा. सरासरी एकशे आठ मिलिमीटर. आणि तळाला एवढंच: "तुमची मूठ १३०. तुमचा स्वतःचा हात १३०. पुढचं तुम्ही मोजा."

तोंडी निरोपही पोचला. अजिनाथनं जीप बंद केली, खाली उतरला, कान धरले आणि मगच बोलला. "मिस्त्री, मी नुसता निरोप्या हाय, मला घण मारू नका. ती म्हणली, आप्पा म्हणत्यात मोकळीक दिली. दिली म्हंजी ती त्यांच्या खिशात होती. माझी माझ्या खिशात कावून नव्हती, एवढं इचारा."

मी त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं. त्याचा काय दोष?

तुझ्या कागदाबद्दल. आकडे व्यवस्थित लिहिलेत, खाडाखोड नाही, हे कबूल. पण बेचाळिसाव्या ओळीला सरस्वतीबाईपुढं ११९ लिहिलंय. ती चार फूट दहा इंचांची बाई. तिचा हात ११९ असूच शकत नाही. एक आकडा चुकला की अख्खा कागद संशयात येतो, हे मीच तुला शिकवलंय. तेव्हा मी हा कागद तपासणार आहे. नाव नाव घेऊन.

अडचण एकच. गावातल्या बायकांचे हात धरून मी माप घेऊ शकत नाही. तसं केलं तर माझंच माप काढतील. तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "लोकर द्या, मी घेते." लाल लोकर आणलीय. ती वेढा घेणार, गाठ मारणार, चिठ्ठी बांधणार; मी ती लोकर पट्टीवर धरून मोजणार. लोकर ताणली जाते म्हणून पहिल्या दिवशी मी तिला ओढ किती द्यायची ते शिकवलं. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, किती ओढ द्यायची ते मला कळतं."

सरस्वतीबाईचं माप सगळ्यांत आधी घ्यायला सांगितलंय.

आप्पा


दिंद्रुड, २७ जुलै

रोहिणी,

सरस्वतीबाईचा वेढा ११९ भरला. दोनदा घेतला.

"हात अगदी बापयासारखे," असं लिहून मी आत्ता खोडलंय, तुला खोडलेलं दिसेलच. तिचे हात तिच्यासारखे आहेत.

बासष्टपैकी चार जणी गावात नाहीत. अठ्ठावन्न मोजल्या. तुझ्या आणि माझ्या आकड्यांत जास्तीत जास्त फरक दोन मिलिमीटर, तोही लोकरीचा. सरासरी एकशे आठ. एकशे तीसची मूठ पुरती मुठीत धरणारी त्यात एकही बाई नाही. सरस्वतीबाईसुद्धा नाही.

हे मी एका ओळीत लिहिलं, पण मान्य करायला मला नऊ दिवस लागले. पहिली मूठ केली तेव्हा माप कशावर घेतलं ते आठवत बसलो. कशावर घेणार? जवळ एकच हात होता. माझा. तो बरोबर बसला म्हणून मी ते माप लोखंडी पट्टीवर खाच मारून ठेवलं आणि सव्वीस वर्षं एक केसभर हलू दिलं नाही. चुकीचं माप एवढ्या काटेकोरपणे दुसऱ्या कुणी जपलं नसेल.

पण खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती तुला माहीत होती का हे मला माहीत नाही. नसेल तर बस आणि वाच.

गाठी मोजताना मी तुझ्या आईला सहज म्हणालो, "मूठ एवढी जाड होती तर एवढ्या वर्षांत कुणी बोललं कसं न्हाई?" ती लोकर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काच."

"कसली काच?"

"बाटलीची. फुटकी. तुमी मूठ दिली की घरी नेऊन बायका काचंनं तासत्यात. बारीक करत्यात. हाताला आली की मग तोडीला निघायचं."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"हंगाम सरला की कोयते धारंला येत्यात. तुमी मूठ बघता अन् म्हणता, वा, काय काम केलंय, मूठ झिजवली! अन् ग्यारंटी म्हणून नवी जाड बसवून देता. फुकट. की पुन्हा काच."

"सगळ्या?"

"सगळ्या. मी बी."

रोहिणी, सव्वीस वर्षं मी त्या तासलेल्या मुठी हातात घेतल्या. मी, ज्याला ट्रॉलीच्या सांगाड्यातला दोन मिलिमीटरचा बाक लांबून दिसतो. काचेचे ओरखडे आणि झीज यांतला फरक मला ओळखता आला नाही, कारण मी तो शोधलाच नव्हता. माझ्या मुठीत खोट असेल हे माझ्या डोक्यात नव्हतं. उलट त्या बायकांची पाठ थोपटत होतो. आणि त्या "हो मिस्त्री, लई काम केलं औंदा" म्हणून नवी मूठ पदराखाली घेऊन जायच्या. बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. तुझी आई म्हणाली, "तुमी इतक्या अभिमानानं द्यायचा, मिस्त्रीचं मन कोण मोडणार? अन् सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

तू सांगितलंस, आणि मी काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पहिल्या पत्रात मी "गमतीचं वाक्य" एवढंच लिहिलं होतं. ते वाक्य पूर्ण लिहितो. मी म्हणालो होतो, "बाईच्या हाताच्या मापाचं एकच हत्यार हाय, लाटणं. ते सुताराकडं मिळतं." सुंदरबाई पण हसली होती. ती का हसली असेल, याचा मी आता विचार करतो.

दुसरंही एक राहून गेलं. त्या पत्रात मी मोठी यादी केली आणि हे सगळं माझ्या हातचं म्हणालो. पहिलं वेल्डिंग मशीन त्यात लिहिलं नाही. ते मी केलेलं नव्हतं, विकत आणलं होतं. लग्नानंतर दोन हंगाम तुझी आई तिच्या भावाबरोबर तोडीला गेली, त्यातून ते आलं. कोयता मीच करून दिला होता, एकशे तीसच्या मुठीचा. तिचा उजवा अंगठा थंडीत आखडतो, तो थंडीमुळं असं मी समजत होतो.

आता करिष्माचं. तुझी मैत्रीण परवा येऊन गेली, कोयत्याचं पातं तापवून पाणी द्यायला. मी विचारलं, रोहिणीशी बोलणं होतं का.

"रोज भांडण होतं, काका. ती म्हणती मंगळसूत्र कावून घालती. मी म्हणलं, माझं हाय म्हणून घालते. ती वडाला जात न्हाई, मी जाते. ती म्हणती, मग पुढच्या जन्मी सत्यमनं वडाला फेऱ्या माराव्या. मी म्हणलं, त्याला चक्कर येती."

"मग जमतं कशावर तुमचं?"

"यादीवर." मग तिनं सांगितलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे काय मला नवीन नाही. पण मुकादमाच्या यादीत त्या कोयत्यापुढं नाव फक्त नवऱ्याचं असतं, हे मी ऐकूनही कधी ऐकलं नव्हतं. "औंदा मी मुकादमाला म्हणलं, माझं बी नाव लिवा. न्हाईतर सत्यमला एकट्याला न्या, अर्धा कोयता म्हणून. सत्यम म्हणला, लोक हसतील. म्हणलं, हसू दे, मोळी तर माझ्याच डोक्यावर हाय."

"यालाच फेमिनिझम म्हणतात का?" मी विचारलं. शब्द तुझ्या तोंडून ऐकला होता.

"ते रोहिणीनं ठेवलेलं नाव हाय. मी अजून नाव ठेवलं न्हाई." मग कोयता पुढं केला. "काका, ती म्हणती बरोबरी. मी म्हणते येईल बरोबरी, चार दिवस उशिरा आली तरी चालंल. आधी अंगठ्याचं बघा."

मी तिच्या मुठीकडं बघितलं. काचेचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

आप्पा


दिंद्रुड, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

रोहिणी,

आज हत्यारं धुतली, पुजली. घण, ऐरण, सांडशी, तुझी जुनी कानस. शेवटी कोयते मांडले, या वर्षी दोन रांगांत. एक एकशे तीसची, एक एकशे आठची. पातंही हलकं केलंय. तुझ्या कागदावर वजन नव्हतं. मी चारशे ऐंशी ग्रॅमवरून तीनशे सत्तरवर आणलं. तीनशे पन्नासला ऊस एका घावात तुटत नाही, सहा पाती करून बघितली. तुझं वेगळं मत असेल तर कळव.

तुझ्या आईनं हळद-कुंकू वाहिलं. मी म्हटलं, औंदा नव्या रांगेला आधी. ती म्हणाली, "दोन्ही लोखंडच हाय, आधी-मागं कशाला?"

त्याआधीच्या बाजाराच्या दिवशी जे झालं ते सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडून वेडंवाकडं कळायला नको. सुंदरबाईला मी निरोप धाडून बोलावलं होतं. ती आली, आणि त्या दिवशी जे हसले होते त्यांतले बरेच जण तिथं होतेच, ते दर बाजारी असतात. मी एकशे आठची मूठ बसवलेला कोयता तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणालो, "माझं माप चुकलं होतं. रोहिणीनं काढलं. आजपासून मुठी दोन मापाच्या. जुनी जाड मूठ जिला नको असंल तिनं यावं, बदलून मिळंल."

मग आपला तानाजी, तो गप्प बसेल तर तानाजी कसला. "मिस्त्री, पोरीनं बापाला तासलं म्हणा की!"

"तासलं," मी म्हणालो. "नीट बसलो बी."

लोक हसले. माझ्यावर. तुला सांगतो, हसणाऱ्यांच्या बाजूनं उभं राहणं फार सोपं असतं, ते मला त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं कळलं. पण मेलो नाही त्यानं.

सुंदरबाईनं कोयता दोनदा हवेत फिरवला, अंगठा बोटाला टेकवला आणि बायकांकडं वळून म्हणाली, "आता काच कशाला लागंल?" सगळ्या बायका एकदम हसल्या. गड्यांना काही कळलं नाही. "कावून हसताय बे?" म्हणून ते एकमेकांना विचारत राहिले. मला कळलं होतं, आणि गड्यांत एकट्या मला कळलं याचा मला थोडा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

संध्याकाळपर्यंत एकतीस जणी आल्या. त्यानंतर दोन पुरुषही येऊन गेले. बारीक मूठ मागितली, हळूच. त्यांचे हात लहान आहेत. त्यांनाही आजवर काचच लागत होती.

दुसरं. मी सव्वीस सप्टेंबरला केजला आलो होतो. तहसीलमध्ये सातबाऱ्याचं काम होतं. सातबारा हल्ली मोबाईलवर निघतो हे मला माहीत आहे, तू आठवण करून द्यायची गरज नाही.

तू नवं दुकान घातलंस त्या पत्र्याच्या शेडसमोर चहाचं हॉटेल आहे, तिथं बसलो. दोन चहा झाले. तू खिडकीची जाळी जोडत होतीस. एक पांढऱ्या टोपीचा गडी आला.

"मालक हायत का?"

"बोला."

"मालकाला बोलवा की."

"बोला ना काका. मालकच बोलतीय."

तो आजूबाजूला बघत राहिला, कुठून तरी गडीमाणूस निघेल म्हणून. मग म्हणाला, "हे कुणी शिकवलं? बापानं?"

तू चेहऱ्यावरची काच वर केलीस. मी पेपर तोंडासमोर धरला. तू म्हणालीस, "जोडायला बापानं शिकवलं. मोजायला बी त्यांनीच. फक्त कुणाला मोजायचं ते मी ठरवते."

त्यानं फाटकाची ऑर्डर दिली. तू इसार घेतलास, माप घ्यायला दुसऱ्या दिवशी येते म्हणालीस आणि पुन्हा खाली बसलीस. मी दुकानात येणार होतो. आलो नाही. त्या वेळी मी आत आलो असतो तर तो टोपीवाला म्हणाला असता, "हे बघा, आले मालक." आणि तू कमावलेलं ते वाक्य माझ्या खात्यात गेलं असतं. म्हणून अजिनाथच्या जीपनं परत आलो. धारूरच्या घाटात तो म्हणाला, "भेटलात का पोरीला?" मी म्हणालो, "भेटलो." एका अर्थानं खरंच होतं.

तुझा वेल्डिंगचा टाका मी रस्त्यापलीकडून बघितला. सरळ आहे, एकसारखा आहे, माझ्या चोविसाव्या वर्षीच्या टाक्यापेक्षा चांगला आहे. उजव्या कोपऱ्यात तू घाई करतेस. तेवढं सांभाळ.

आठ मार्चचा तुझा प्रश्न. आता जेवण झालंय. काम चांगलं झालं, आणि ते रोहिणीनं केलं. उद्या चुकलं तर रोहिणीचं चुकलं, आणि ते रोहिणी दुरुस्त करेल. यात मुलगा कुठं येतो ते मला दिसत नाही. माईकवर तो मीच आणला होता.

आप्पा


दिंद्रुड, २ नोव्हेंबर

रोहिणी,

करिष्माची टोळी परवा गेली. ट्रकमध्ये चढताना तिनं वरूनच ओरडून सांगितलं, यादीत तिचं नाव लागलं. सत्यमच्या खाली, पण लागलं. सत्यम शेजारी उभा होता. कुणी तरी त्याला म्हणालं, "काय बे, अर्ध्यावर आलास का?" तो म्हणाला, "यादी आता पुरी झाली, एवढंच." मला तो पोरगा आवडला. गेलेल्या टोळ्यांत बारीक मुठीचे एकशे चाळीस कोयते आहेत.

आता कामाचं. नीट वाच, हे तुझ्या धंद्याचं आहे.

काल दुपारी अमरसिंह आले होते. गेवराईकडचे, शेती मोठी, राजकारणात ऊठबस आणि अवजारांचा ठोक व्यापार. मोठी गाडी दुकानासमोर लावली, तीन माणसं बरोबर. तुझी आई चहा ठेवायला गेली. त्यांनी बारीक मुठीचा कोयता उचलला, फिरवला, परत ठेवला. म्हणाले, टोळ्यांतून या कोयत्याचं नाव ऐकलं. हा त्यांना हजारांनी करून पाच जिल्ह्यांत विकायचा आहे. माप, पात्याचा बाक, वजन, सगळं लिहून द्यायचं. त्यांच्याकडं टाईप केलेला कागद तयारच होता. मी चष्मा लावून दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की या कोयत्याची रचना त्रिंबक मिस्त्री, राहणार दिंद्रुड, यांनी स्वतः केली. कोयत्याचं नाव "त्रिंबक कोयता" राहील. आणि मिस्त्री किंवा त्यांच्या घरातलं कुणीही यापुढं या मापाचा कोयता करणार नाही.

मी म्हणालो, "पातं माझं हाय. पण माप माझं न्हाई. माप माझ्या मुलीचं हाय, अन् मापाशिवाय हा कोयता म्हंजी नुसतं लोखंड. तिचं दुकान केजला हाय, तिथं जावा."

ते हसले. "मिस्त्री, पोरीनं केलेला कोयता म्हणलं की गडी हात लावत न्हाईत. तुमचं नाव चालतं. अन् पोरीचं ते बापाचंच की. उद्या लग्न होऊन गेली की कुठं कोयते करत बसणार हाय?"

"ते तिला इचारा."

"ती करू द्या की केजात गेट-जाळ्या. बाईमाणसाला तेवढं बास हाय. सही तुमचीच लागंल."

तुझी आई चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या बायकोच्या हाताचा वेढा किती हाय?"

ते गडबडले. "म्हंजी?"

"ठावं न्हाई ना? मग हा कोयता तुमी इकू शकणार न्हाई. गिऱ्हाईक बाई हाय. ती पहिल्यांदा हेच इचारती."

मी आयुष्यात पुष्कळ चांगली कामं बघितली, त्यात हे वाक्य धरतो. अमरसिंहांनी चहा अर्धा ठेवला. कागद मी घडी करून त्यांच्या हातात परत दिला.

आता तू म्हणशील, आप्पा, माझ्या मापाला नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तो पण तुमच्याच खिशात होता का? म्हणून आधीच लिहितो. तुझ्या वतीनं मी काही बोललो नाही. मी फक्त म्हणालो की हे माझं नाही, आणि जे माझं नाही त्यावर मी सही करत नाही. तू विकावंस का, कुणाला, कोणत्या नावानं, की स्वतःच हजार कोयते करावेस, हे तू ठरव. मला विचारायची गरज नाही. विचारलंस तर पात्याचं सगळं सांगेन, त्याचा बाक कागदावर काढून सोबत ठेवलाय. तो तुझा.

ते तुझ्याकडं येतील. आज ना उद्या येतीलच, माल चांगला आहे हे त्यांना कळलंय. कागद स्वतः वाच, "घरातलं कुणीही" हे शब्द कुठल्या ओळीत आहेत ते शोध. आणि माणूस सुरुवातीला तुझं तोंड बघून आकडा सांगेल, पोरगी आहे म्हणून निम्मा सांगेल. त्या वेळी तुला खरा आकडा माहीत असावा, म्हणून लिहितो.

मला त्यांनी आठ लाख चाळीस हजार रुपये देऊ केले होते. मी नाही म्हणालो.

आप्पा